मोटर आणि मोठा भाऊ

मी मोठ्या भावाला लावायचा फोन मोटरीला लावला. लागोपाठ तीनदा.

मुळाक्षरांत ट नंतर ठ येतो, हे मास्तरांनी छडी मारून शिकवलं होतं. त्याचा उपयोग पन्नाशीनंतर असा होईल, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. माझ्या फोनच्या यादीत 'मोटर' आणि 'मोठा भाऊ' एकाखाली एक बसलेले. तोंडाने मी भावाला दादाच म्हणतो; पण यादीत दादा शोधायला गेलं की ठिबकवाला दादा, खतवाला दादा, जेसीबीवाला दादा आणि एक नुसताच दादा निघतो. तो कोण, हे मला आजवर आठवलेलं नाही आणि त्यालाच फोन करून विचारायची हिंमत होत नाही. म्हणून भाऊ 'मोठा भाऊ' झाला आणि मोटरीच्या शेजारी जाऊन बसला. चष्मा माझ्या खिशात होता. बोटं शेतकऱ्याची, म्हणजे एका वेळी दोन नावांवर पडणारी.

शहरातल्या वाचकाला वाटेल, मोटरीला कुठला आलाय फोन? आलाय. विहिरीवर स्टार्टरची पेटी असते, तिच्यात आता सिमकार्ड असतं. घरात बसून तिला फोन लावायचा, दोनदा घंटी वाजते, फोन आपोआप कटतो आणि शेतात मोटर चालू होते. पुन्हा लावला की बंद. पुन्हा लावला की चालू. मी तीनदा लावला. हिशेब तुम्हीच करा.

आणि फोन लावला कशासाठी? तर दादाने गावाला जाताना बजावलं होतं की मोटरीला हात लावू नकोस. आणि मी मोटरीला हात लावलेला नाही, हे त्याला सांगण्यासाठी.

हसून घ्या. गावात सांगताना मीही हे इथपर्यंतच सांगतो. लोक हसतात, चहा येतो, आणि मग पुढचं सांगावं लागत नाही.

आमच्या घरात यंत्र आणायचं काम माझं आणि त्याने केलेली खराबी निस्तरायचं काम दादाचं. ही वाटणी वडिलांनी केलेली नव्हती, आपोआप पडली होती. ट्रॅक्टर मी आणला. ठिबक आलं त्या पहिल्याच वर्षी त्याच्या नळ्या गोळा न करता माती घुसळणारा रोटाव्हेटर शेतात घातला. नळ्या गुंडाळत गेल्या, मी गाणं ऐकत पुढे जात राहिलो, आणि ट्रॅक्टर रडायला लागला तेव्हा मागे वळून पाहिलं. पात्यांभोवती काळ्या नळ्यांचा हा एवढा गुंडाळा. दादा विळा घेऊन खाली आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत कापत बसला. मला एवढंच म्हणाला, "शेवया करी ऱ्हायना का रे तू?"

त्याला राग येत नसे. निदान मला दिसेल असा येत नसे.

पण प्रत्येक यंत्राबरोबर त्याच्या हातातलं एकेक काम जात होतं, हे मला कळायला फार वेळ लागला. ट्रॅक्टर आला, नांगर-वखर गेला. ठिबक आलं, तेव्हा बारं गेलं. आमच्याकडे पाटाने पाणी देण्याला बारं धरणं म्हणतात. फावडं घेऊन पाण्याच्या पुढे पुढे चालायचं, एक सरी भरली की तिचं तोंड मातीने बुजायचं आणि दुसरीचं फोडायचं. दादाचं बारं बघायला लोक बांधावर थांबत, असं मी म्हणणार नाही; लोकांना कामं होती. पण त्याला स्वतःला ते करताना बघावं. पाण्याशी बोलत चालायचा तो. माझ्याशी जेवढा बोलायचा त्याहून जास्त.

मग तणनाशक आलं आणि निंदणी गेली. धडगावकडून जीप भरून पावरा आदिवासी बाया यायच्या, आठवडाभर खळ्यात मुक्काम करायच्या, त्यांच्या बोलीतली दोन-चार वाक्यं दादाला चांगली जमायची. त्या यायच्या बंद झाल्या. आता त्या जीपा गुजरातकडे जातात. फवारणी ड्रोनवर गेली. ड्रोनवाला पोरगा शहाद्याहून गाडीत येतो, सावलीत उभा राहून दोन दांड्या हलवतो, शेतात पाय न टाकता परत जातो. त्याचे बूट इतके पांढरे असतात की मला बघून लाज वाटते, त्याची की माझी हे ठरवता येत नाही.

शेवटी मी केळीत ते ऑटोमॅटिक बसवलं. जमिनीत ओलावा मोजणारी कांडी, नळांवर आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह, आणि सगळं मोबाइलवर. माती कोरडी झाली की कांडी सांगते, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी जातं, पुरे झालं की बंद. माझ्या फोनवर हिरवा ठिपका दिसतो. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

दादा तरीही रोज सकाळी शेतात जायचा. विहिरीच्या कठड्यावर बसायचा. व्हॉल्व्ह उघडला की टक् असा आवाज येतो, तो ऐकायचा. एकदा मी गेलो तर म्हणाला, "मी आठे काय करू?"

"इथे कशाला काही करायचं? आराम कर ना, दादा," मी म्हणालो.

मी मनापासून म्हणालो होतो. तो उठला, धोतर झटकलं आणि घराकडे चालू लागला. त्या दिवसापासून तो सुरतेचं नाव काढायला लागला.

सुरतेला त्याचा मुलगा आहे, कापडाच्या कारखान्यात. वहिनी नातवाला सांभाळायला आधीच तिकडे गेल्या होत्या. मुलगा दर रविवारी फोन करून बोलवायचा आणि दादा दर रविवारी पिकाचं निमित्त सांगायचा. आता निमित्त सांगायला पीकच त्याच्या हातात राहिलं नव्हतं. होळीच्या सुमारास एक दिवस जेवताना तो म्हणाला, नाल्यापलीकडचा तुकडा माझा. त्यात पपई लावीन. ठिबक नको, कांडी नको, त्याच्यावरून ड्रोन उडवायचा नाही. पाणी मी फावड्याने देईन. "साधनी तर मी आठेच मरसू. नही साधनी तर सूरत."

माझी बायको वाढत होती, ती थांबली. मी हसून कबूल केलं. दादाच्या हातची पपई न साधणं शक्यच नव्हतं, म्हणजे तो राहणार हे नक्की होतं. मला तो हवा होता. कारण चांगलंसं नाही. मी चुका करतो आणि त्या कुणाला तरी सांगाव्या लागतात. ऐकणारा समोर बसून भाकरी मोडत असला तर त्या चुकांच्या गोष्टी होतात. नसला तर त्या नुसत्या चुका राहतात.

पपई खरंच सुंदर आली. श्रावणात झाडं माझ्या छातीएवढी झाली, बुंध्याला खालपासून फळं लागली. दादा पुन्हा बोलायला लागला होता. झाडांशी तर होताच, माझ्याशीही. पाऊस चांगला झाला होता, जमीन तर्र होती आणि आता तिला उघडीप हवी होती. पपईला पाणी लागतं, पण पायाशी साचलेलं पाणी तिला खपत नाही. दोन दिवस पाण्यात उभी राहिली की मुळं सडतात. हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं.

तेवढ्यात म्हसावदला बहिणीचे सासरे वारले. दादा दहाव्याला जाऊन तीन-चार दिवस तिकडे राहणार होता. निघताना त्याने विहिरीवरचे फ्यूज काढून ठेवतो म्हटलं. पूर्वी तो तसंच करायचा, फ्यूज खिशात घालून गावाला जायचा. मीच अडवलं. म्हटलं, दादा, फ्यूज काढले तर माझी केळी कशी चालेल? आणि आता ओल आहे, कांडी इतक्यात पाणी मागणारच नाही. तिने मागितलं नाही, तर माझ्या फोनशिवाय मोटर हलत नाही. फोन माझ्या खिशात. त्याने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "बरं. पन मोटरले हात नको लावजो." आणि गेला. पपईच्या पाटाचा व्हॉल्व्ह त्याने नेहमीसारखा उघडाच ठेवला होता. पावसाळ्यात तो बंद करायचं कारणच नसतं.

दुसऱ्या दिवशी मी तळोद्याला गेलो. तिथे एका मळ्यात नव्या यंत्रांचं प्रात्यक्षिक होतं: माणसाशिवाय चालणारा छोटा ट्रॅक्टर. तो सरळ रेषेत जात होता, टोकाला स्वतःच वळत होता, आणि आम्ही पन्नाशीतले लोक लग्नातल्या घोड्यामागे पोरं धावतात तसे त्याच्या मागे चालत होतो. मला दादाची आठवण झाली. त्याला सांगावं, तुझा शब्द पाळतोय, मोटरीला हात लावलेला नाही. फोन काढला, लावला. दोनदा घंटी वाजून कटला. पुन्हा लावला, पुन्हा कटला. तिसऱ्यांदाही तेच. मला वाटलं, दादा फोन कापतोय. दहाव्याच्या घरात माणसं असतील, पण एवढं काय. मी थोडा रुसलो. साडूने आग्रह केला म्हणून रात्री तळोद्यातच राहिलो, दुसऱ्या दिवशीही राहिलो. मधूनमधून फोनवर ठिपका बघायचो. हिरवा. केळीतल्या कांडीला पाणी नको होतं, केळीचे व्हॉल्व्ह बंद होते. पपईत कांडी नव्हती. जिथे कांडी नाही ती जमीन फोनच्या लेखी नाहीच.

तिकडे मोटर चालू होती. लाइट गेली की थांबायची, आली की पेटीतला ऑटो तिला पुन्हा चालू करायचा. त्यासाठीच तर ऑटो बसवतात, माणसाला विहिरीवर पळावं लागू नये म्हणून.

मी नंतर फार विचार केला तो याचा. मोटर दोन दिवस चालली, पाणी पपईतून फुटून नाल्यात गेलं, नाल्यातून रस्त्यावर आलं. आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वी असं पाणी फुटलं असतं तर शेजारच्या शेतातला माणूस बांधावरून ओरडला असता, शिवी घातली असती, स्वतःच जाऊन मोटर बंद केली असती आणि वर महिनाभर टोमणे मारले असते. शेजारच्या शेतात कुणी नव्हतं. त्याच्या पलीकडेही नव्हतं. शेजाऱ्यालाही हिरवा ठिपका दिसतो. माझी बायको घरी होती, पण तिला शेतात जायचं कारण मीच संपवलं होतं. एवढं मोठं शिवार, एवढं हिरवं, आणि त्यात शिवी घालायला माणूस नाही. पिकं आहेत, ती वाढतात, विकली जातात. आम्ही कुठे आहोत ते विचारू नका.

परत आलो तेव्हा बायको दारातच म्हणाली, दादा म्हसावदहून आले, पिशवी ओट्यावर टाकली आणि पाणीही न पिता शेतात गेले. मी गाडी तशीच वळवली.

दादा पपईत उभा होता, घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात. मोटर त्याने बंद केली होती. तिन्ही फ्यूज हातात होते. गुन्हेगाराने आधी ओरडावं, या नियमाने मी सुरुवात केली.

"दादा, फोन काबरं नही उचला? तीनदाव लावा मी."

"कोनता फोन?"

त्याने खिशातून आपला फोन काढून माझ्या हातात दिला. त्यात म्हसावदच्या भाच्याचे होते, सुरतेच्या मुलाचे होते, माझा एकही नव्हता. मग मी माझा काढला. चष्मा लावला. मोटर. मोटर. मोटर. दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. चौथीपर्यंतच शिकलाय, पण तेवढं वाचता येतं.

"मोटरनी उचला ना मंग," तो म्हणाला.

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही. त्याने फ्यूज खिशात टाकले आणि फावडं घेऊन बांध फोडायला लागला. मीही लागलो.

पुढचे दिवस, खरं सांगतो, बरे गेले, आणि हे सांगताना मला बरं वाटत नाही. आम्ही दोघं सकाळी चिखलात उतरायचो, चर काढायचो, झाडांच्या बुडाशी औषध ओतायचो. केळीचं तिचं ती बघत होती. दादा मला चर कसा काढायचा ते दाखवायचा, मी तो वाकडा काढायचो, तो पुन्हा नीट करायचा. दुपारी बांधावर बसून भाकरी खायचो. ऊन पडलं, वरची माती पांढरी दिसायला लागली. मी म्हटलं, वाचते बघ. तो पुढचा चर काढायला लागला. खालची पानं पिवळी पडून लोंबत होती; मी म्हटलं, खालची पानं तर जातातच. मग हिरवी फळं गळायला लागली. मी म्हटलं, ओझं कमी झालं, झाड जगेल. माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं.

मग शेंडे माना टाकायला लागले. शेंड्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादाने एका झाडाला हात घातला आणि नुसतं ओढलं. ते गवतासारखं वर आलं. मुळाच्या जागी भिजून कुजलेला काथ्या. त्याने ते झाड परत होतं तिथे उभं करून ठेवलं, हाताने जराशी माती दाबली, आणि विहिरीवर जाऊन हात धुतले.

वरच्या अंगाच्या काही ओळी वाचल्या होत्या. त्या रात्री जेवताना मी वकिली केली. म्हटलं, पूर्ण नाही, पण साधली तर आहे. आणि ती तुझ्या हाताने थोडीच गेली. माझ्यामुळे गेली, मग पैज मोडलीच, पुढच्या वर्षी पुन्हा लाव.

"तेवढी तं लोकेसना परसमा बी येस," दादा म्हणाला. मग भाकरीचा तुकडा मोडला. "आनि तू म्हनस ते खरं शे. मन्हा हातथून नही गई. मन्हा हातमा काही व्हतंच कोठे?"

बायकोने त्याच्या ताटात न विचारता अजून एक भाकरी टाकली. त्याने ती खाल्ली. मला वाटलं, खातोय म्हणजे राहतोय. मला माणसंही वाचता येत नाहीत, हे त्या दिवसाचं आणखी एक.

यंत्राच्या कंपनीचा माणूस मधल्या काळात येऊन गेला. फार वाईट वाटलं त्याला. म्हणाला, पपईतही कांडी असती तर पाणी साचल्याबरोबर फोनवर लाल ठिपका आला असता, आणि मोटर आपोआप बंद झाली असती. मी त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. बरोबर होतं त्याचं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच की बरोबर होतं. पुढच्या वर्षी त्या तुकड्यात कांडी बसेल. बसवणारा मीच. बारं धरणारा नसेल तर दुसरं काय करणार?

पपई उपटायला माणसं मिळाली नाहीत, रोटाव्हेटर घातला. या वेळी नळ्या नव्हत्या, म्हणून काही अडकलं नाही. झाडं, फळं, चर, आम्ही दोघांनी काढलेले सगळे वाकडे-सरळ चर, एका दुपारी सपाट. दादा ते बघायला आला नाही. घरी बसून पिशवी भरत होता. दोन धोतरं, दोन सदरे, नातवासाठी वाचलेल्या ओळींतली काही कच्ची फळं, पेपरात गुंडाळून.

शहाद्याच्या स्टँडवर सुरतेची गाडी लागली होती. मी त्याला खिडकीची जागा धरून दिली, पिशवी वर ठेवली, खाली उतरलो आणि खिडकीशी उभा राहिलो. ड्रायव्हर चहा पीत होता, म्हणजे वेळ होता, म्हणजे मला बोलावंच लागलं. मी म्हटलं, दादा, सगळं काढून टाकतो. पेटी काढतो, ऑटो काढतो, केळीतली कांडीसुद्धा उपटतो. तू उतर. आपण दोघं पाटाने पाणी देऊ. मी रडत नव्हतो, पण आवाज मोठा झाला असावा, कारण मागच्या खिडकीतली बाई वाकून बघायला लागली.

दादा ऐकत होता. मी खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं, आणि मी खोटं बोलत नाहीये असं मला वाटत होतं. मी गाडीचा गज धरला. म्हटलं, मी तुला जाऊ देत नाही. थांब.

ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाली. दादाने माझी बोटं एकेक करून गजावरून सोडवली, हळूच, काट्यात अडकलेलं धोतर सोडवतात तशी.

"तुले कधी साधा बैल थांबाडता उना नही," तो म्हणाला, "माले काय थांबाडशी."